वारंवार तडकणारा सायलेन्सर : जुन्या मोटारसायकलवरील दुरुस्तीच्या नोंदी

गाडी १९८० च्या दशकातील आहे. एक सिलिंडर, चार स्ट्रोक, साडेतीनशे सीसी, हवेवर थंड होणारे इंजिन आणि कार्ब्युरेटर. मूळ एक्झॉस्ट केव्हाच गेला असून आधीच्या मालकाने त्या जागी बाहेरच्या बनावटीचा स्टेनलेस स्टीलचा बेंड पाइप आणि सरळ नळीचा सायलेन्सर बसवला आहे. पाइपला चौकटीशी धरणाऱ्या ब्रॅकेटजवळ पाइप तडकतो, तो वेल्ड करून घेतला जातो आणि काही महिन्यांत वेल्डला लागूनच नवा तडा दिसू लागतो, असे या गाडीचे बराच काळ चालले आहे. या वेळी नुसता तडा न भरता तो का जातो हे शोधायचे ठरवले आहे. असेच दुखणे घेऊन बसलेल्या इतरांना उपयोग व्हावा म्हणून कामाच्या नोंदी ठेवत आहे.

४ मार्च

इंजिन थंड असताना सुरू केले की हेडजवळून (सिलिंडरच्या वरच्या, व्हॉल्व्ह असलेल्या भागाजवळून) टिक्-टिक् असा कोरडा आवाज येतो आणि इंजिन तापल्यावर तो जवळजवळ नाहीसा होतो. हा आवाज टॅपेटचा (व्हॉल्व्ह हलवणाऱ्या भागाचा) समजून व्हॉल्व्हच्या फटी पुन्हापुन्हा मोजण्यात वेळ जातो. तापल्यावर विरणारा आवाज असेल, तर आधी हेड आणि पाइप यांच्या सांध्याकडे पाहावे, कारण धातू प्रसरण पावला की तिथली बारीक फट आपोआप बुजते. दुसरे लक्षण म्हणजे थ्रॉटल सोडल्यावर सायलेन्सरमधून येणारे फाट्-फाट् आवाज. थ्रॉटल बंद असताना थोडे पेट्रोल न जळताच बाहेर पडते. पाइपमधील दाबाच्या लाटा एखाद्या फटीतून बाहेरची हवा आत ओढत असतील, तर त्या हवेतील प्राणवायूवर ते पेट्रोल पाइपातच पेटते.

गळती शोधण्यासाठी व्हॅक्यूम क्लीनरची नळी फुंकणाऱ्या बाजूला जोडून ती सायलेन्सरच्या तोंडात कापडाने घट्ट बसवली आणि सर्व सांध्यांवर साबणाचे पाणी लावले. त्याआधी पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणून ठेवला. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बंद नसेल तर हवा सिलिंडरमध्ये शिरते आणि चाचणीचा निकाल फसवा येतो. इंजिन थंड आणि बंद असल्यामुळे ही चाचणी सावकाश करता येते, हात भाजत नाही आणि धूरही अंगावर येत नाही. चालू इंजिनवर गळती शोधायचीच असेल तर ती उघड्यावर शोधावी. कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो, आणि बंद खोलीत तो माणसाला कळायच्या आत गाठतो.

बुडबुडे तीन ठिकाणी आले : हेडजवळ, बेंड पाइप सायलेन्सरमध्ये शिरतो त्या सरक-सांध्यावर आणि ब्रॅकेटजवळच्या तड्यावर. हेडजवळ काजळीचा काळा पट्टाही होता, म्हणजे ती गळती जुनी आहे.

५ मार्च

पाइप हेडला दोन एम ८ स्टडवर (हेडमध्ये बसवलेल्या, ८ मिमी व्यासाच्या आटेदार दांड्यांवर) नटांनी आवळलेला आहे. पोलादी स्टड आणि ॲल्युमिनियमचे हेड वर्षानुवर्षे तापत-थंड होत एकत्र राहिले की आटे धरून बसतात. म्हणून रात्रीच गंज सोडवणारे तेल सोडून ठेवले होते. सकाळी पेट्रोलची टाकी उतरवून दूर नेली, तेल पुसून घेतले (ते पेट घेते) आणि मग नटाला गॅसच्या टॉर्चने ताप दिला.

डावा नट सुटला, पण एकटा नाही. तो स्टडला घेऊनच बाहेर आला आणि हेडमधील आट्यांचा चुरा स्टडच्या खाचांत अडकलेला दिसला. उजवा नट अर्धा फेरा फिरला आणि स्टड तुटला. सुदैवाने तीन-चार मिलिमीटर टोक हेडबाहेर राहिले आहे. इतका गंजलेला स्टड वाचवता येईल असे मला वाटत नाही, मात्र तो कुठे तुटतो यावर पुढचे सगळे काम अवलंबून असते. म्हणून लांब पाना घेऊन एकदम जोर लावण्यापेक्षा थोडे सोडणे, थोडे पुन्हा आवळणे असे करत राहावे. टोक बाहेर राहण्याची शक्यता त्याने वाढते.

७ मार्च

तुटलेल्या टोकाला पक्कड लावून पाहिली. टोक नुसते झिजले. मग बॅटरी काढली, इग्निशनच्या डब्याच्या वायरी सोडवल्या, तुटलेल्या टोकावर एम ८ चा नट बसवला आणि नटाच्या पोटातून मिग वेल्डिंगने तो स्टडला जोडला. वेल्ड ॲल्युमिनियमला चिकटत नाही, त्यामुळे हेडला धोका नसतो. पहिल्या खेपेस पाना लावताच नट स्टडवरून निखळला, कारण टोकावर तेल आणि काजळी राहिल्याने वेल्ड आत मुरला नव्हता. टोक वायर ब्रशने चकचकीत करून, आच थोडी वाढवून पुन्हा केले. लाली उतरू दिली, मेणबत्तीचा तुकडा बुडाशी टेकवून मेण आट्यांत ओढू दिले आणि मग पाना पुढे-मागे हलवत राहिलो. करकर करत स्टड फिरला. मला वाटते, इथे नट धरायला लागतो हे खरे असले तरी खरे काम वेल्डच्या आचेनेच केले. आतला गंज त्याच आचेने फुटला.

या दोन स्टडांनी कामाचा सर्वांत जास्त वेळ खाल्ला. ज्यांची गाडी आज व्यवस्थित चालते आहे, त्यांनी हे नट एकदा सोडवून, नवे लावून, उष्णतेला टिकणारे अँटी-सीझ (आटे धरून बसू न देणारे वंगण) लावून ठेवावेत, असे मी आग्रहाने सांगेन.

८ मार्च

डाव्या भोकातील आटे गेलेले असल्याने तिथे तारेचे इन्सर्ट (नवे आटे देणारी स्प्रिंगसारखी गुंडाळी) बसवले. एम ८ × १.२५ साठी भोक ८.३ मिमीचे करावे लागते आणि आटे पाडण्यासाठी इन्सर्टबरोबर येणारा खास टॅपच वापरावा लागतो. साधा एम ८ चा टॅप इथे चालत नाही. भोक तिरके गेले तर पाइपचा कॉलर (हेडवर आवळली जाणारी कड) एका बाजूने टेकेल आणि गळती कायमची मागे लागेल. म्हणून ८.३ मिमीचे भोक असलेला जाड पोलादी ठोकळा हेडच्या तोंडावर बांधून त्यातून ड्रिल चालवले. ड्रिलवर खोलीची खूण म्हणून चिकटपट्टी लावली आणि एक्झॉस्टच्या तोंडात ग्रीस माखलेले कापड कोंबले, म्हणजे एकही कण व्हॉल्व्हपर्यंत जाऊ नये. इन्सर्ट पृष्ठभागाच्या थोडे आत बसले आहे आणि त्याची शेंडी तोडून बाहेर काढली आहे. ही शेंडी आत विसरू नये.

कापड काढल्यावर हेडच्या तोंडात आणखी एक गोष्ट सापडली. तिथे तांब्याची एकावर एक अशी दोन गॅस्केट (सांध्याची फट बुजवणारी कडी) होती. कोणीतरी जुने न काढता त्यावर नवे ठोकले होते. खालचे एका बाजूला जास्त दबलेले असल्यामुळे वरचे सपाट बसूच शकत नव्हते, आणि टिक्-टिक् आवाजाचे मूळ इथेच होते. काजळीखाली जुने गॅस्केट हेडचाच भाग असल्यासारखे दिसते. पितळी पट्टीने कडा खरवडून पाहिल्याशिवाय ते ओळखू येत नाही. लोखंडी टोच्याने खरवडू नये, ॲल्युमिनियमच्या बैठकीवर ओरखडे पडतात.

१० मार्च

आजची नोंद सर्वांत महत्त्वाची आहे, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

वेल्डिंगला हात लावण्यापूर्वी नवे स्टड आणि नवे गॅस्केट लावून एक्झॉस्ट गाडीवर चढवला. हेडचे नट फक्त बोटांनी फिरवले, सरक-सांध्याचा क्लॅम्प सैल ठेवला आणि ब्रॅकेटला बोल्ट लावलाच नाही. अशा मोकळ्या अवस्थेत ब्रॅकेटचे भोक चौकटीच्या भोकासमोर यायला हवे. ते सात मिलिमीटर खाली आणि बाहेरच्या बाजूला राहिले होते. म्हणजे आजवर प्रत्येक वेळी बोल्ट आवळूनच पाइप जागेवर ओढून घेतला गेला होता, आणि गाडी उभी असतानाही त्या वेल्डवर ताण होता.

त्यावर उष्णतेची भर पडते. या प्रकारचे स्टेनलेस स्टील १०० अंश सेल्सिअसने तापले की दर मीटरला सुमारे १.७ मिमी वाढते, तर साधे पोलाद सुमारे १.२ मिमी. हेडपासून ब्रॅकेटपर्यंत माझा पाइप सुमारे ७०० मिमी आहे. सरासरी ३०० अंशांची वाढ धरली तरी तो साडेतीन मिलिमीटर लांब होतो. ही वाढ कुठेतरी जिरली पाहिजे. ब्रॅकेटला रबरी बुश असेल तर ती तिथे जिरते. माझ्या गाडीवर बुश नव्हतेच, धातूवर धातू आवळलेला होता. त्यात चुंबक लावून पाहिले तर पाइपला चिकटत नाही आणि ब्रॅकेटला चिकटते. पाइप निकेलयुक्त स्टेनलेसचा, ब्रॅकेट साध्या पोलादाचे, म्हणजे एकाच वेल्डच्या दोन बाजू वेगवेगळ्या प्रमाणात वाढतात.

कंपन हा तिसरा घटक. ४००० आरपीएमला क्रँक सेकंदाला सुमारे ६७ वेळा फिरतो, तासाभरात २,४०,००० वेळा. एक सिलिंडरच्या इंजिनात प्रत्येक फेऱ्याला एक हिसका असतो आणि आधीच ताणलेल्या पाइपला तो हिसका त्याच एका रेषेवर सोसावा लागतो. वेल्डच्या कडेची पट्टी आचेने बदललेली असते, शिवाय तिथे जाडी एकदम बदलते. तडा नेमका तिथून सुरू होतो यात नवल नाही. आजवरचे वेल्ड कच्चे होते असे मी म्हणणार नाही, काही तर चांगले दिसतात. ताण तसाच ठेवून त्यांच्याकडून टिकण्याची अपेक्षा केली गेली, ती चुकीची होती.

यामुळे कामाचा क्रम बदलला. आधी पाइप जागेवर बिनताण बसवायचा आणि मग त्या स्थितीत जोडायचा.

१२ मार्च

तडा डोळ्यांना २५ मिमी दिसत होता. तडे दाखवणारा लाल रंग लावला, दहा मिनिटे मुरू दिला, पुसला आणि वर पांढरी पावडर फवारली. लाल रेषा ४० मिमीपर्यंत गेली आणि तिला एक फाटाही होता. तडा लहान असेल तर त्याच्या दोन्ही टोकांना ३ मिमीचे भोक पाडून तो थांबवावा आणि मग भरावा, ही पद्धत बरोबर आहे. पण इथे जुन्या वेल्डचे थर एकमेकांवर चढलेले आहेत आणि पत्रा आतून खवल्यासारखा सुटतो आहे. असा भाग भरण्यात अर्थ नाही. ब्रॅकेटजवळचा पाइप सरळ असल्याने जुन्या वेल्डसकट १०० मिमीचा तुकडा कापून काढला आणि त्याच व्यासाची, १.२ मिमी जाडीची ३०४ प्रतीची स्टेनलेस नळी आणली.

कापाची तोंडे काटकोनात आणायला कानस घेऊन बराच वेळ बसावे लागले. त्यात मन लावावे. वेल्डिंग करणाऱ्या कारागिरांना तुकडे दाखवले तेव्हा ते म्हणाले, “फट असली तर भरून देईन, पण भरलं की पाइप तिकडे ओढणार. तुम्ही उजेड दिसणार नाही इतकं घासून आणा.” ते अक्षरशः खरे निघाले. दोन तोंडे जुळवून मागे दिवा धरला आणि जिथे जिथे उजेड दिसला तिथे पुन्हा घासले.

कापलेली तोंडे आतून-बाहेरून वायर ब्रशने आणि ॲसिटोनने स्वच्छ केली. हा ब्रश स्टेनलेसचाच हवा आणि लोखंडावर न वापरलेला हवा, नाहीतर लोखंडाचे कण रुतून तिथे गंज धरतो. ब्रेक क्लीनरच्या काही डब्यांत क्लोरिनयुक्त द्रावक असते आणि त्याचा अंश राहिलेल्या धातूवर वेल्डिंगची आच पडली की फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो. वेल्डिंगच्या कामाजवळ तो डबा आणूच नये. ज्यांचा पाइप क्रोम चढवलेला आहे, त्यांनी जोडाच्या दोन्ही बाजूंचा क्रोम आधी घासून काढावा आणि तो धूर श्वासात जाऊ देऊ नये.

१५ मार्च

आज आर्गॉन वेल्डिंग (आर्गॉन वायूने हवा दूर ठेवून केलेले वेल्डिंग) झाले. आधी पाइप पुन्हा गाडीवर चढवला, हेडचे नट हलके आवळले, सायलेन्सर त्याच्या मागच्या आधारावर मोकळा टेकवला, नवा तुकडा मध्ये बसवला आणि फक्त टाके (ठिकठिकाणी छोटे वेल्ड) मारून घेतले. बॅटरी काढलेली होती आणि अर्थचा चिमटा पाइपलाच लावला होता. करंट इंजिनच्या बेअरिंगमधून जाऊ नये, यासाठी हे आवश्यक आहे. टाके मारून झाल्यावर पाइप उतरवून टेबलावर पूर्ण वेल्ड केला.

स्टेनलेसच्या पाइपात मागच्या बाजूलाही आर्गॉन भरावा लागतो. त्याची गरज किती आहे हे पाहण्यासाठी कापून काढलेल्या नळीच्या चांगल्या टोकावर आतून वायू न भरता एक जोड करून पाहिला. बाहेरून वेल्ड सुरेख दिसत होता, पण कापून उघडल्यावर आत काळपट, फुगलेला, खरखरीत थर निघाला. त्या थराला बळ नसते आणि नवा तडा तिथूनच निघतो. खऱ्या जोडाच्या वेळी पाइपची तोंडे ॲल्युमिनियमच्या चिकटपट्टीने बंद केली, खालच्या टोकाकडून आर्गॉन सोडला आणि वरच्या टोकाला बारीक भोक ठेवले. आर्गॉन हवेपेक्षा जड असल्याने तो खालून साचत वर येतो आणि हवा बाहेर ढकलतो. भरायला वेळ द्यावा लागतो, घाई केली की थोडी हवा आत राहते आणि तेवढीही पुरेशी घातक असते.

करंट ४५ ते ५० अँपिअर होता, फिलर (जोडात वितळवून भरायची तार) ३०८एल प्रतीचा. समोरासमोरचे चतुर्थांश घेत वेल्ड पूर्ण केला, सलग एका दमात फिरवला नाही. तरीही पाइप ओढलाच. गाडीवर लावून पाहिल्यावर मागचे टोक दोन मिलिमीटर सरकले होते. पण ब्रॅकेट मुद्दाम अजून जोडलेले नव्हते, त्यामुळे ही ओढ ब्रॅकेटच्या जागेत सामावून घेता आली. ब्रॅकेट आधी जोडले असते तर सात मिलिमीटरच्या जागी दोन मिलिमीटरचा ताण घेऊन गाडी पुन्हा रस्त्यावर गेली असती.

१६ मार्च

ब्रॅकेट नवे केले. ३ मिमीची स्टेनलेस पट्टी पाइपला थेट काटकोनात न जोडता आधी पाइपच्या गोलाईला बसणारा १.५ मिमी पत्र्याचा खोगिरासारखा तुकडा जोडला आणि पट्टी त्यावर जोडली. खोगिराचे कोपरे गोल केले आहेत. टोकदार कोपरा म्हणजे ताणाला एका ठिकाणी गोळा व्हायला दिलेली जागा. खोगीर पाइपच्या घेराभोवती जाणाऱ्या दिशेने वेल्ड न करता मुख्यतः लांबीच्या दिशेने वेल्ड केले, म्हणजे पाइप वाकताना वेल्डची कड आडवी येत नाही.

चौकटीच्या बाजूला रबरी बुश आणि त्याच्या पोटात पोलादी नळी बसवली. ही नळी फार महत्त्वाची आहे. ती नसेल तर बोल्ट आवळताना रबर चेंगरते आणि त्याची लवचीकता संपते. ती रबराच्या जाडीहून किंचित कमी लांबीची ठेवली, त्यामुळे बोल्ट नळीवर पूर्ण आवळता येतो आणि रबर हलकेच दाबलेले राहते. ब्रॅकेटचे भोक उभ्या खाचेसारखे केले आहे. शेवटची जुळवणी तिथे होते.

१९ मार्च

सायलेन्सर उघडला. मागच्या झाकणाचे ४.८ मिमी रिव्हेट ड्रिलने काढले आणि आतील जाळीदार नळी ओढून काढली. ती सहज निघत नाही, कारण तेलकट काजळी गोंदासारखी बसलेली असते. झाकण थोडे तापवून, लाकडी ठोकळ्यावर हातोडा मारत काढावे लागले.

आत घरांच्या छतात उष्णता अडवण्यासाठी घालतात ती काचलोकर निघाली, तीही निम्मी उरलेली. तिचे तंतू आखूड असतात आणि ते एकमेकांना धरून ठेवणारा चिकट पदार्थ उष्णतेने जळून जातो. मग प्रत्येक स्फोटाच्या हिसक्याबरोबर ती जाळीतून बाहेर फुंकली जाते. सायलेन्सरचा आवाज अलीकडे कर्कश झाला होता त्याचे कारण हेच. आवाज शोषणारे भरणच उरले नव्हते, आणि पोकळ जागेत पत्रा घंटेसारखा वाजत होता. हे काम करताना हातमोजे, चष्मा आणि नाकावर चांगला मास्क हवा. जुन्या भरणाची धूळ त्वचेला आणि फुप्फुसांना दोन्हींना वाईट.

जाळीची बुजलेली भोके वायर ब्रशने मोकळी केली. नळीभोवती आधी स्टेनलेस लोकरीचा एक थर गुंडाळला आणि त्यावर सायलेन्सरसाठी मिळणारे लांब, सलग तंतूंचे भरण घेतले. धातूचा थर गरम वायूचा पहिला मारा झेलतो, त्यामुळे बाहेरचे काचतंतू जास्त टिकतात. भरण सैल असेल तर ते हलून झिजते आणि ठासून भरले तर आवाज शोषण्यासाठी लागणारी हवेची जागाच उरत नाही. हाताने आवळत गुंडाळावे आणि नळी बाहेरच्या कवचात किंचित जोर लावून सरकेल इतपत ठेवावे. नवे रिव्हेट स्टेनलेसचेच लावले, ॲल्युमिनियमचे इथे सैल पडतात.

आणखी एक छोटे काम केले. एक लिटर पेट्रोल जळले की वाफेच्या रूपात जवळपास एक लिटर पाणी तयार होते. लांबच्या प्रवासात ते उडून जाते, पण गाडी थोडे अंतर चालून पुन्हा थंड झाली की सायलेन्सरच्या सर्वांत खालच्या भागात साचते आणि ज्वलनातून आलेल्या आम्लांसह पत्रा आतून खाते. तिथे ३ मिमीचे भोक पाडले. आवाजात कानाला फरक कळत नाही.

२१ मार्च

जोडणी. क्रम असा ठेवला : सर्व बोल्ट आणि नट हाताने, मग हेडचे दोन्ही नट आळीपाळीने थोडे थोडे, मग सरक-सांध्याचा क्लॅम्प आणि सर्वांत शेवटी ब्रॅकेट. ब्रॅकेटपासून सुरुवात केली तर हेडचा कॉलर तिरका बसतो आणि सगळी मेहनत वाया जाते. एम ८ चे हे नट साधारण २० न्यूटन-मीटरच्या आसपास आवळले जातात, मात्र ॲल्युमिनियममध्ये बसलेल्या स्टडबाबत गाडीच्या पुस्तिकेतील आकडाच अंतिम मानावा. आट्यांना निकेलयुक्त अँटी-सीझ लावले. असे वंगण लावलेल्या नटाला त्याच टॉर्कवर स्टडवर जास्त ताण येतो, त्यामुळे कोरड्या आट्यांसाठी दिलेल्या आकड्याच्या थोडे खालीच थांबलो.

ब्रॅकेटचा बोल्ट बोटांनी ढकलताच आरपार गेला. मला हवा होता तो पुरावा हाच.

साबणाच्या पाण्याची चाचणी पुन्हा केली. हेड कोरडे, नवे वेल्ड कोरडे, सरक-सांधा मात्र अजून गळत होता. क्लॅम्प कितीही आवळला तरी बुडबुडे येत राहिले. सायलेन्सरच्या तोंडाला क्लॅम्पसाठी उभ्या खाचा आहेत आणि आतला पाइप त्या खाचांच्या टोकापलीकडे पोचत नव्हता, त्यामुळे खाचेचे टोक उघडेच राहत होते. क्लॅम्प आवळून ही गळती कधीच थांबत नाही, उलट पत्रा चिमटतो. सायलेन्सर पुढे सरकवून पाइप खाचांच्या पुढे दहा मिलिमीटर आत घेतला आणि मध्ये ग्रॅफाइटची बाही घातली. सायलेन्सरच्या मागच्या आधाराला यासाठी नवे भोक पाडावे लागले. आता सांधा कोरडा आहे.

२२ मार्च

उघड्यावर इंजिन सुरू केले. पहिली काही मिनिटे पाइपवरून धूर आला. तो बोटांच्या ठशांचा, तेलाचा आणि अँटी-सीझचा असतो, गळतीचा नसतो. चालू करण्यापूर्वी पाइप स्पिरिटने पुसला नाही तर ते ठसे स्टेनलेसवर कायमचे भाजले जातात. टिक्-टिक् आवाज गेला. सायलेन्सरचा आवाज खोल आणि मऊ झाला आहे.

पूर्ण थंड झाल्यावर हेडचे नट पुन्हा तपासले. दोन्ही थोडे फिरले, कारण नवे गॅस्केट पहिल्या तापानंतर आणखी दबते. गरम असताना हे नट आवळू नयेत.

२९ मार्च

थ्रॉटल सोडल्यावरचे फाट्-फाट् आवाज बरेच कमी झाले, पण पूर्ण गेले नाहीत. गळती बंद झाल्यावरच कार्ब्युरेटरकडे वळायचे असे ठरवले होते. फटीतून हवा येत असताना जेट (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या छिद्राच्या तोट्या) बदलले असते तर ती जुळवणी त्या फटीसाठी झाली असती आणि दुरुस्तीनंतर पुन्हा बिघडली असती. आधी कार्ब्युरेटर आणि हेड यांच्यामधील रबरी मॅनिफोल्ड तडकलेला नाही ना, हे पाहिले. मग पायलट जेट (थ्रॉटल जवळजवळ बंद असताना काम करणारा) एका पायरीने मोठा लावला आणि मिश्रणाचा स्क्रू पुन्हा जुळवला. हा स्क्रू इंजिनच्या बाजूला असेल तर तो सहसा इंधन नियंत्रित करतो आणि एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर हवा, म्हणून दोन्हींत फिरवण्याची दिशा उलटी होते. मोकळा एक्झॉस्ट बसवलेल्या गाडीत मिश्रण पातळ (हवा जास्त, पेट्रोल कमी) होण्याची शक्यता असते, आणि पातळ मिश्रणावर गाडी सतत पळवली तर पाइपचा रंग उडण्यापेक्षा कितीतरी मोठे नुकसान पिस्टनचे होते. स्पार्क प्लगचा रंग आता फिकट तपकिरी आहे, म्हणजे मिश्रण ठीक आहे.

१४ जून

मधल्या काळात गाडी लांबवर आणि खराब रस्त्यांवरही चालली. आज ब्रॅकेटभोवती लाल रंगाची चाचणी पुन्हा केली. खोगिराच्या चारही कडा स्वच्छ आहेत. ब्रॅकेटचा बोल्ट काढला तेव्हा पाइप जागचा हलला नाही, म्हणजे बिनताण बसणी टिकून आहे. नव्या तुकड्यावर फिकट सोनेरी झाक आली आहे. हेडजवळचा पाइप निळसर आहे, पण तो आधीपासूनच तसा होता.

खर्चाचे सांगायचे तर सर्वांत मोठा वाटा आर्गॉन वेल्डिंग आणि भरण यांचा होता. सगळे मिळून नव्या बेंड पाइप आणि सायलेन्सरच्या निम्म्याहून कमी लागले. यात माझा वेळ धरलेला नाही, आणि तो धरला तर हिशेब उलटू शकतो. तुकडा कापताना पत्रा आणखी पातळ किंवा सर्वत्र खवले धरलेला निघाला असता, तर मी ही दुरुस्ती सोडून नवा पाइप घेतला असता, पण त्याचीही बसणी मोकळ्या बोल्टवर तपासूनच तो आवळला असता.

रबरी बुशच्या पाइपकडच्या कडेला बारीक चिरा दिसू लागल्या आहेत. तिथे उष्णता जास्त पोचते. पाइप आणि बुश यांच्यामध्ये पत्र्याची एक आडपट्टी लावून, पुढच्या तेलबदलाच्या वेळी उष्णता सोसणाऱ्या सिलिकॉन रबराचे बुश बसवणार आहे.